ओली झालेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. विमानतळाच्या जिन्याखाली, पुसायच्या बादल्यांशेजारी आता माझा मुक्काम असतो. माझं एक चाक वाकडं झालं आहे, पण मला लाज वाटते ती त्या चाकाची नाही.

कारखान्यातून आले तेव्हा मी चकचकीत होते. गुडघे दुखणारे, नुकतंच ऑपरेशन झालेले, चार पावलांत दम लागणारे असे कितीतरी प्रवासी मी विमानाच्या दारापर्यंत पोहोचवले. "किती मऊ खुर्ची आहे!" असं कुणी म्हटलं की माझी चाकं जमिनीला टेकत नसत.

मला ढकलायची ती चिमणी. अंगानं एवढीशी आणि तोंडाची टकळी अखंड चालू, म्हणून सगळे तिला चिमणीच म्हणत.

एके दुपारी शिवणकाम करणाऱ्या, पाय अधू झालेल्या एक मावशी माझ्यात बसल्या. लेकीला मुलगी झाली होती, तिला बघायला निघाल्या होत्या. तेवढ्यात विमान रद्द झाल्याचं कळलं. सगळे प्रवासी काउंटरकडे धावले. चिमणीच्या वायरलेसवर मुकादम ओरडला, "आधी पलीकडच्या गेटवर ये! तिथे माणसं खोळंबलीत."

"अहो, पण खुर्चीतल्या प्रवाशाला एकटं सोडायचं नाही, असा नियम आहे."

"मला नियम शिकवू नकोस. ये म्हटलं की यायचं!"

चिमणीनं मला खांबाशी उभं केलं आणि ब्रेक लावला. "मावशी, आलेच हं," म्हणत ती पळाली.

ती लवकर आली नाही. मावशींना लघवीला जायचं होतं. ब्रेक मागच्या बाजूला, त्यांचा हात पोहोचेना. "अहो, जरा..." त्यांनी हळूच हाक मारली. एक गृहस्थ फोनवर बोलत तसेच पुढे गेले. एका बाईनं चालता चालता सांगितलं, "इथल्या कुणाला तरी विचारा." मग मावशींनी मांडीवर शाल ओढली आणि डोळे मिटून घेतले.

माझं आसन ओलं झालं. मला चार चाकं होती आणि मी जागची हलू शकले नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

चिमणी धापा टाकत आली. मावशी खाली बघत म्हणाल्या, "बाटलीतलं पाणी सांडलं गं."

चिमणीनं ओलं आसन पाहिलं. तिनं त्यांना स्वच्छतागृहात नेलं, स्वतःची धुतलेली विजार दिली. ती आखूड झाली, पण कोरडी होती. माझं आसनही तिनंच पुसलं.

"मुलाला सांगू नकोस. शपथ आहे तुला," मावशी म्हणाल्या.

विमान रद्द झाल्याचं कळून मावशींचा मुलगा घरून आला तो थेट काउंटरवर भिडला. तिथले साहेब त्याला पुढच्या प्रवासाचं कुपन देऊ पाहत होते. "विमान तुम्ही रद्द केलंत," मुलगा म्हणाला. "सरकारी नियमानं आम्हाला पूर्ण पैसे परत हवेत." साहेबांनी निमूट होकार दिला.

"झालं, आई! चल."

"आणखी काही तक्रार नाही ना?" साहेबांनी सवयीनं विचारलं. चिमणीनं तोंड उघडलं, मावशींकडे पाहिलं आणि मिटलं.

"आहे," मावशी म्हणाल्या. "मला एकटीला सोडून दिलं. हाक मारली, कुणी थांबलं नाही. माझे कपडे ओले झाले. लिहा."

मुलाचा चेहरा उतरला. "आई, मला फोन का नाही केलास?"

"काय सांगणार होते रे तुला?"

साहेबांनी 'गैरसोय झाली' असं लिहायला घेतलं.

"गैरसोय नाही. कपडे ओले झाले, असंच लिहा. आणि या पोरीवर ढकलू नका. हिला ज्यानं बोलावून घेतलं, त्याचं लिहा."

साहेबांचे कान लाल झाले, पण त्यांनी लिहिलं. पुढे मुकादमाला मावशींच्या घरी जाऊन माफी मागावी लागली आणि प्रत्येक गेटवर मदतीला जादा माणूस आला. मावशी नातीलाही भेटून आल्या.

मित्रांनो, रद्द झालेल्या विमानाचे पैसे परत मिळतात, आणि ते मिळायलाच हवेत. पण एकट्या बसलेल्या माणसानं तुम्हाला हाक मारली, तर पहिल्याच हाकेला थांबा. दुसरी हाक मारायची त्याला फार लाज वाटते.