अंबाजीच्या लाँचची बातमी

“आजी, तू स्वतः पाहिलंस का?” मुंबईहून आलेली प्रणाली खांद्यावरची बॅगही न उतरवता दारातून विचारत होती.

“काय पायलं?”

“अंबाजीकाका पिऊन लाँच चालवत होते, ते.”

सोनूबाईने भाकरी उलटली. धक्क्यावर तीस वर्षं चहाची टपरी चालवणाऱ्या बाईला असलं विचारणं म्हणजे मिठागरवाल्याला मीठ खारट आहे का विचारणं. तिने पुढची भाकरी थापायला घेतली.

पण त्या मंगळवारी ती धक्क्यावर नव्हतीच. नणंदेच्या नातीच्या हळदीला म्हसळ्याला गेली होती. लाँच धक्क्याला धडकली आणि कुणाची तरी मोटरसायकल खाडीत गेली, हे तिने संध्याकाळी एसटीतून उतरल्यावर ऐकलं. तेवढ्यात प्रणालीचा फोन. “आजी, आमच्या पोर्टलला बातमी हवीय, अर्ध्या तासात. तू तिथेच असतेस ना? काय झालं?” नात पत्रकारिता शिकते, बातम्यांच्या कंपनीत इंटर्नशिप करते, हे सोनूबाईने खाडीच्या पलीकडच्या काठापर्यंत सांगून ठेवलेलं. ती पहिल्यांदा काही विचारते आणि आपण ठाऊक नाही म्हणायचं?

“प्यालेला असंल मेला,” ती म्हणाली होती. “त्याचा बापूस पन प्यायचा.”

मद्यधुंद चालकाने लाँच धडकवली, प्रत्यक्षदर्शी महिलेची माहिती, असं मोबाइलवर आलं. तिसऱ्या दिवशी मालकाने अंबाजीला घरी बसवलं.

“कालेजात काय शिकवतात तुला?” सोनूबाई उलट नातीवरच घसरली. “म्हातारी सांगंल ते लिवायचं?”

“पहिल्याच आठवड्यात शिकवलं, ज्याच्यावर आरोप त्याला विचारल्याशिवाय लिहायचं नाही. इंटर्नशिपला गेले तर तिथे सगळे घड्याळाकडे बघत बसलेले. मी म्हटलं, त्यांना फोन करते. तिथले संपादक सर म्हणाले, आजी आहे ना तिथे, झालं तर मग.” प्रणाली उंबऱ्यावरच बसली. “बातमी खूप चालली, आजी. मला नोकरी देतायत. परवा हजर व्हायचंय.”

“मंग बरंच झालं की.”

“काल कॉलेजात बाईंनी ती बातमी फळ्यावर लावली. सगळ्यांसमोर विचारलं, ही प्रत्यक्षदर्शी महिला कोण? तेव्हा लक्षात आलं, तू स्वतः पाहिलंस का हे मी विचारलंच नव्हतं. सरांना म्हटलं, चौकशी करून दुरुस्ती छापू या. तर म्हणाले, दुरुस्ती छापायची तर नोकरी विसर.”

तव्यावरची भाकरी करपली. सोनूबाईच्या हातून भाकरी करपलेली गावात कुणी पाहिली नव्हती.

“मी न्हवते तिथं,” ती तव्याकडे बघत म्हणाली. “हळदीला गेलेले.”

प्रणाली ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, “चल.”

अंबाजीची बायको गोदू ओट्यावर जवळा पाखडत होती. अंबाजीने चटई टाकली. “बस बाय,” तो प्रणालीला म्हणाला. सोनूबाईला कुणी बस म्हटलं नाही.

“काका, माझी चूक झाली.”

“माजा नंबर लाँचीवर रंगवलेला हाय. हाताएवडाली अक्षरं.” अंबाजीचा आवाज चढला नव्हता. “एक फोन केला असतास तर बोललो असतो.”

“आता बोलाल?” प्रणालीने वही काढली. “ते छापणार नाहीत. दुसरीकडे देईन. परवा मी तिकडे जात नाहीये.”

अंबाजी सावकाश सांगत गेला. शुगर आहे. त्या सकाळी गोळी घेतली आणि खायचं राहिलं. “धक्का जवल आला नि डोल्यांपुढं अंधारी. पयलं इंजान बंद केलं, मंग खाली बसलो. इंजान चालू ऱ्हायलं असतं तर मोटरसायकल न्हाय, मानसं गेली असती.”

प्रणालीने सगळं परत वाचून दाखवलं. “बरोबर?”

“बरोबर.”

गोदूने सूप खाली ठेवलं. “तुला हे आदीच ठाव असंल, सोनूबाय. धक्क्यावरचं तुला ठाव नसंल असं काय हाय?”

“न्हाय गो,” सोनूबाई म्हणाली. “मला काय बी ठाव न्हवतं. लिव बाय, ते पन लिव. माज्या नावानं.”

प्रणालीने लिहिलं. गोदूने सूप पुन्हा उचललं. ओट्यावर कडेला जागा होती. सोनूबाई खाली अंगणातच उभी राहिली, उन्हात, चपला काढलेल्या पायांनी.