चार्जरचा तांबडा दिवा

आमचे चिरंजीव शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहतात. सुट्टीच्या दिवशी विजेच्या बाईकवर माझ्याकडे यायचे, पण तिची बॅटरी इवलीशी. सपाटीवर गाडी मजेत पळे, घराजवळच्या पुलाचा चढ आला की मान टाके. गाडी ढकलत आणून पोरगा घामाघूम होऊन दारात उभा. आल्या आल्या मिक्सरचा प्लग उपसून तिथे चार्जर लावायचा, की तांबडा दिवा लागे. तो हिरवा होईपर्यंत साहेबांना परत जाता येत नसे.

तेवढा वेळ तो माझा. गळका नळ दुरुस्त करी, बायकोशी वाजलेलं सांगे, जेवून कॉटवर आडवा होई. डोळा लागलासा वाटला की मी हळूच बटण बंद करी आणि तो कूस बदलायच्या आत पुन्हा चालू. करणार काय! पोटचं पोर, पण त्याचा वेळ मागून थोडाच मिळतो?

मग माझीच अक्कल शेण खायला गेली. मोठी बॅटरी घेतली तर पोराची दमछाक होणार नाही, जास्त वेळा येईल, म्हणून मीच त्याच्यामागे भुणभुण लावली. त्याने घेतली. मेकॅनिकने आधीच सांगितलं होतं, वेग काही वाढणार नाही, पण पल्ला दुप्पट होईल आणि चढावर दम टिकेल. अगदी तसंच झालं. आता येतो वरचेवर, नाही कशाला म्हणू? पण हेल्मेट हातातच असतं. एका चार्जिंगमध्ये येणंजाणं होतंय, मग बसायचं कशाला?

काल जुना चार्जर न्यायला आला. जुनी बॅटरी कुणाला तरी देऊन टाकली म्हणे. मी म्हटलं, जेवून जा, तोवर नवी लाव की जरा चार्जिंगला. भरलेलीच आहे, म्हणाला. वायर गुंडाळता गुंडाळता हसला.

"आई, तू बटण बंद करायचीस ना, मला माहीत होतं."

"मग उठला का नाहीस?"

"जागाच असायचो मी. तेव्हा कुठे घाई होती."

तो निघाल्यावर खिडकीशी धावले. पूर्वी गाडी चढावर इतकी रेंगाळे, की मागे वळून मला हात करायला त्याला सवड मिळे. मी हात वर केला, तोवर गाडी पूल ओलांडून गेली होती.