एकाच टॉवरचं ऐक

छपरावर चढू नका, असं डॉक्टरांनी व्हर्लिन स्टकीला बजावलं होतं, म्हणून तो फक्त दोनदाच चढला. एकदा जुना अँटेना काढायला आणि एकदा दुप्पट उंचीचा नवा लावायला. चौऱ्याहत्तर वर्षांचा हा गृहस्थ जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त करत आलेला. एखादी गोष्ट चालत नसेल तर तिला आणखी जोर लावायचा, एवढंच त्याचं शास्त्र.

खाली बैठकीच्या खोलीत त्याची बायको नदीन पलंगाला खिळून होती. एकतीस वर्षं तिने काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कंट्रोल रूममधून आगीचे बंब आणि अँब्युलन्स पाठवल्या. आता डॉक्टर महिन्यांची भाषा सोडून आठवड्यांवर आले होते. निवृत्त होणाऱ्याचा नंबर रेडिओवर शेवटचा पुकारायचा, ही काउंटीची रीत. नदीन निवृत्त झाली त्या दिवशी नेमका नदीला पूर आला आणि तिची हाक राहून गेली. ती हाक आज दुपारी तीनला दिली जाणार होती.

ऐकायला घरात एकच साधन होतं, स्कॅनर. गाड्यांचं बोलणं ऐकायचं, आपण बोलायची सोय नाही. कंट्रोल रूममधली ट्रिशा म्हणाली होती, मी फोन धरून ठेवते. नदीनने तिला उडवून लावलं. "फोनवर काय, कुणीही बोलतं. हवेतून यायला हवं."

पण वसंतात काउंटीने नवी डिजिटल यंत्रणा बसवली आणि तेव्हापासून स्कॅनरमधून शब्द फुटके यायचे, गुळण्या करता करता कुणी बोलावं तसे.

व्हर्लिन धापा टाकत आत आला आणि त्याने नव्या अँटेनाची वायर जोडली. गुळण्या आणखी वाढल्या.

"सिग्नलच्या दांड्या किती दिसतायत?" नदीनने विचारलं.

"पाच! पाचच्या पाच!"

"आणि ऐकू काय येतंय?"

व्हर्लिनने स्कॅनरला एक थाप मारली.

"अरे शहाण्या, काउंटीचे तिन्ही टॉवर एकच वाक्य एकाच वेळी बोलतात. जवळचं आधी पोचतं, लांबचं जरा मागून. बंबातल्या रेडिओला ते निस्तरता येतं, या बिचाऱ्याला नाही. तू छपरावर चढून तिघांनाही घरात बोलावलंस. एकालाच आत घे."

"हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

"तू विचारलंस कधी? शिडी वाजली तेव्हा कळलं मला."

व्हर्लिनने तोंड वाकडं केलं, पण वायर काढली. बोटाएवढा अँटेना लावून तो स्कॅनर हातात धरून घरभर हिंडू लागला. "न्हाणीत?" "नको, तसंच आहे!" "फ्रिजच्या मागे?" "अर्धं कळतंय, पुढे जा!" दोघंही ओरडत होते आणि, खरं सांगायचं तर, कित्येक महिन्यांत त्या घरात एवढा आनंदी आवाज झाला नव्हता. शेवटी कपडे धुण्याच्या खोलीत, ड्रायर आणि पाण्याच्या टाकीच्या बेचक्यात, जिथे एकच टॉवर पोचत होता, एका बंबवाल्याचा आवाज लख्ख आला. तो जेवायला काय आहे ते विचारत होता.

मात्र बेचक्यातून वीतभर बाहेर काढला की पुन्हा गुळण्या. म्हणजे नदीनलाच तिथे न्यायला हवं होतं. आणि चाकांची खुर्ची दारात अडकली.

तीनला दहा मिनिटं कमी होती. व्हर्लिनने वाद घातला नाही, मोजमाप केलं नाही. बिजागऱ्यांच्या खिळ्या ठोकून काढून त्याने अख्खं दारच उचलून बाजूला ठेवलं. नदीनला गोधडीत गुंडाळून आत आणलं आणि स्वतः उपड्या बादलीवर बसला.

"कंट्रोलकडून चौदा नंबरला," ट्रिशाचा आवाज आला. तिला बोलायला नदीननेच शिकवलं होतं. "चौदा नंबर, नदीन स्टकी. एकतीस वर्षं आम्ही रात्री-अपरात्री बाहेर पडलो आणि तुम्ही आम्हाला मोजून घरी आणलंत. आता तुमची ड्यूटी संपली. आम्ही बघतो पुढचं."

मग एकेक गाडी बोलली. दोन नंबर. सात नंबर. नदीन प्रत्येक आवाजाला नावाने ओळखत होती, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मग सगळं शांत झालं.

"चौदा नंबर," नदीन हळूच स्कॅनरला म्हणाली. "ऐकलं सगळं. ड्यूटी संपवून निघते आहे."

स्कॅनर गप्पच राहिला. त्याला फक्त कान होते, तोंड नव्हतं. नदीन तरीही त्याच्याकडे बघत राहिली.

"पोच यायला हवी," ती पुटपुटली. "कुणी पोच दिल्याशिवाय बोलणं पुरं होत नाही, व्हर्लिन."

एकतीस वर्षं व्हर्लिनला त्या रेडिओचा मनातून राग होता. तिचा तो शांत, मऊ आवाज परक्या माणसांना मिळायचा आणि त्याच्या वाट्याला पहाटे थकलेली बायको यायची. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आता त्याने तिचा हात आपल्या ग्रीसने काळ्या झालेल्या हातांत घेतला.

"पोचलं, चौदा नंबर," तो म्हणाला. "सावकाश ये. मी घरीच आहे."