ऑल राइट, चांदनी

मे महिन्याची दुपार होती आणि चांदनी स्टेशनात गजानन मास्तर खुर्चीत असा पसरला होता, जसं कोणी ओलं पोतं आणून टाकावं. बदलीचा माणूस आलाच नव्हता. सकाळची ड्यूटी संपली, दुपारचीही त्याच्याच गळ्यात पडली. कानाला कंट्रोलचा फोन.

तो फोन म्हणजे एक तार आणि तिला लटकलेली सगळी स्टेशनं. एकानं बोलायचं, सगळ्यांनी ऐकायचं. दिवसभर एकच जप चाले: गाडी गेली, ऑल राइट. गाडी जाताना एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन, दोघांनी आपापल्या बाजूची चाकं पाहायची, आवाज ऐकायचा, वास घ्यायचा, मग तारेवर सांगायचं. चाकांमधला धुरा तापला तर आधी त्याच्याभोवतीचं तेलातलं सूत जळतं, मग डबा.

जीआयपी जाऊन सेंट्रल रेल्वे झाली होती, निजामाची रेल्वेही तिच्यातच मिसळली होती. तिकडचे अनंतराव इकडे कंट्रोलर म्हणून आले, म्हणजे तारेवरून सगळ्या स्टेशनांना हुकूम देणारे. संथ, दमलेला आवाज, दर वाक्याला 'जी'. गजाननानं आठवड्यातच तो आवाज उचलला. पुढच्या आठवड्यात त्याच आवाजात तारेवर सांगितलं, मोठे साहेब तपासणीला येऊन राहिले. बुऱ्हानपूरच्या दत्तात्रय मास्तरनं फलाटाच्या दगडांना चुना मारला, भर उन्हात काळा कोट घालून दोन तास उभा राहिला. साहेब कुठले यायला! सगळी लाईन पोट धरधरून हसली. दत्तात्रय तेवढा हसला नाही.

तर त्या दुपारी कपाशीच्या गाठींची मालगाडी आली. गजाननानं खुर्चीतूनच खिडकीबाहेर हिरवी झेंडी धरली, डोळे मिटले, आणि शेवटचा डबा गेल्यावर फोनमध्ये म्हणाला, "ऑल राइट, चांदनी."

पॉइंट्समन सुपडू रूळ ओलांडून आला. आल्या आल्या विचारलं, "मास्तर, तुमच्या बाजूनं काहीतरी चिरकत गेलं. तुम्ही पाहिलं ना?"

गजानन उठला. फलाटावर जळक्या चिंधीचा वास अजून होता.

त्यानं कंट्रोलला हाक मारली. उत्तर नाही, ह्या वेळेला अनंतराव तोंडावर पाणी मारायला जात, हे सगळ्या लाईनीला ठाऊक. हाका मारण्यात वेळ गेला, तेवढ्यात मधल्या स्टेशनानं गाडी पार झाल्याचं सांगितलंही, तिथंही ऑल राइटच. आता उरलं बुऱ्हानपूर.

"दत्तूभाऊ, गाडी रोख. एक धुरा तापला आहे."

"गजा, आज नको रे बाबा. लई काम पडलंय."

"अरे, खरं सांगतो."

"चुन्याच्या वेळेसही खरंच सांगत होतास." तारेवर दोघंतिघं खुसखुसले. दत्तात्रय पुढं म्हणाला, की त्याला सिग्नल पाडून गाडी सरळ काढायची आहे, मागं पॅसेंजर उभी आहे, आणि चांदनीनं स्वतःच ऑल राइट दिलं आहे, मग आता हे काय नवीन नाटक?

गाठी पेटल्या तर गार्ड-ड्रायव्हर त्या गाडीवरच. आणि कंट्रोलच्या नावानं खोटा हुकूम दिला तर नोकरी गेलीच समजा. बायको कमल घरी दोन पोरांना घेऊन बसलेली. सुपडू त्याच्या तोंडाकडे पाहत होता.

गजाननानं घसा खाकरला. खांदे पाडले, आवाज पाडला.

"बुऱ्हानपूर, देखो जी. मालगाडी सिग्नलबाहेर रोखा. चांदनी मास्तरच्या बाजूची चाकं तपासा जी."

तिकडून लगेच आलं, "जी साहेब."

गजानन बराच वेळ फोन कानाला धरून बसला. सुपडूनं माठातलं पाणी आणून दिलं, ते हातातच राहिलं.

"कंट्रोल," दत्तात्रयचा आवाज आला, जरा धापा टाकत. "गाडी रोखली. मधल्या एका डब्याचा धुरा लाल झाला आहे. धूर आहे. माती टाकून राहिलो. तो डबा गाडीपासून तोडून बाजूला घेतो."

"गाडी रोखायला कोणी सांगितलं जी?" हे खरे अनंतराव होते. परत आले होते.

सगळी स्टेशनं कान लावून बसली होती. कोणाचा तरी श्वास ऐकू येत होता. दत्तात्रयला कळायचं ते कळलं असावं. एका शब्दात तो चुन्याचा हिशेब चुकता करू शकत होता.

"तुम्हीच सांगितलं ना साहेब," दत्तात्रय म्हणाला.

अनंतरावांनी लांब श्वास सोडला.

"हौ. मीच सांगितलं." मग, "चांदनी."

"साहेब."

"झेंडी उभं राहून दाखवायची असते जी. थकतात सगळेच."

उलट्या बाजूनं रिकामी गाडी येत होती. गजानन फलाटाच्या कडेला जाऊन उभा राहिला. पाय ठणकत होते. पलीकडे सुपडू. एकेक चाक डोळ्यांखालून गेलं, वास नुसता धुळीचा. आत येऊन त्यानं फोन कानाला लावला आणि ऑल राइट म्हणाला. स्वतःच्याच आवाजात, तो त्याला तारेवर भलताच बारीक वाटला.