काठीभर अंतरावरून

आमच्या पार्कमध्ये सगळ्यांची घरं चाकांवर. थंडी सुरू झाली की उत्तरेकडची म्हातारी माणसं आपापली गाडी घेऊन ॲरिझोनात उतरतात आणि एप्रिलात परत जातात. त्या वर्षी मात्र मार्चातच विषाणूच्या बातम्या येऊ लागल्या, कॅनडावाल्यांना त्यांच्या विमा कंपन्या घाईनं परत बोलावू लागल्या, आणि ग्वेननं रविवारी निघायचं ठरवलं.

ग्वेन कॅनडातल्या सस्कॅचेवानची, विधवा, हसता हसता खोकणारी. क्लबहाउसमधलं पुस्तकांचं कपाट माझ्याकडे असतं. रहस्यकथा परत करताना ती खुनी कोण ते मला सांगून टाकायची आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची. तिच्या शेजारची जागा पुढच्या हिवाळ्यात रिकामी होणार होती. तिथे माझी गाडी लावली तर चालेल का, एवढंच मला तिला विचारायचं होतं. आमच्याकडे याचा अर्थ सगळ्यांना कळतो, म्हणूनच माझी जीभ उचलत नव्हती. दर वेळी तिच्या दारापर्यंत जायचो आणि काहीतरी उसनं मागून परत यायचो. तिचा पाना, पक्कड आणि एक शिडी माझ्याकडे जमली होती.

शनिवारी तिच्या निरोपाचं जेवण होतं. प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा, सगळ्यांनी मिळून खायचं, मग हॉलमध्ये नाच. नाचताना माणसाला कानाशी बोलता येतं. मी वाक्यसुद्धा पाठ करून ठेवलं होतं.

पार्कच्या समितीत आम्ही तिघं. अध्यक्ष हार्लन, ज्यानं जन्मभर गुरांचे लिलाव पुकारले आणि आता पार्कमधल्या बिंगोचे आकडे पुकारतो. दुसरी आर्डिस, निवृत्त नर्स. आणि तिसरा मी, कारण मला नाही म्हणता आलं नव्हतं.

“जेवण होणार,” हार्लन म्हणाला. “आपल्यातला सगळ्यात तरुण माणूस एकोणसत्तरचा आहे. आपल्याला मरणाची भीती काय घालता?”

“तू गेलास तर बिंगो वेळेवर संपेल, तेवढाच फायदा,” आर्डिस म्हणाली. “पण त्या हॉलमध्ये सगळे एकाच डावानं सॅलड वाढून घेणार आणि एकमेकांच्या ताटात खोकणार. ग्वेनला मागच्या वर्षी न्यूमोनिया झाला होता. तिला अजून धाप लागते.”

“एक मत इकडे, एक तिकडे. मर्ल, तू बोल. जेवणाच्या दिवशी तुझं तर नेमकं डोकं दुखतं.”

मला ते जेवण हवं होतं. पार्कमधल्या दुसऱ्या कुणालाही नसेल इतकं. पण ग्वेनचा खोकला आठवला, आणि कानाशी बोलायचं म्हणजे तोंड किती जवळ न्यावं लागतं तेही ध्यानात आलं.

“बंद ठेवू या,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ग्वेनची गोल्फची गाडी माझ्या दारात थांबली. ती उतरली नाही.

“मर्ल, माझं जेवण तुम्ही बंद पाडलंत म्हणे.”

“तुमच्या तब्येतीसाठी.”

“मला विचारलंत?”

मी तोंड उघडलं. पाठ केलेलं वाक्य अगदी ओठांवर आलं.

“तुमच्याकडे टेस्टर आहे का?” मी विचारलं.

“आहे. पण आधी माझी शिडी परत करा.”

तिथून ती तडक आर्डिसकडे गेली. दोघींचं काय बोलणं झालं कळलं नाही, पण शनिवारी दुपारी सगळे शफलबोर्डच्या मैदानावर उघड्यावर जमले. या खेळात तबकडी ढकलायची जी काठी असते, ती सहा फुटांहून थोडी जास्तच भरते. आर्डिसनं ती जमिनीवर आडवी टाकत टाकत खुर्च्या मांडून घेतल्या. ताटं ज्याची त्यानं घरून आणायची.

“स्वतः शिजवायचं आणि स्वतःच खायचं,” हार्लन कुरकुरला. “हे तर मी रोज करतो. त्यासाठी शर्टाला इस्त्री कशाला?”

ग्वेननं मला शेजारची खुर्ची दाखवली. शेजारची, म्हणजे काठीभर लांब. तिथे बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की एवढ्या अंतरावर कुजबुज चालत नाही.

“ग्वेन,” मी म्हणालो. “तुमच्या शेजारची जागा…”

“मोठ्यानं बोला. वाऱ्यावर जातंय.”

“पुढच्या हिवाळ्यात तुमच्या शेजारच्या जागेत मी गाडी लावली तर चालेल का?”

मी बहुधा ओरडलोच.

“काय म्हणाला?” पलीकडच्या खुर्चीतल्या ड्वेननं बायकोला विचारलं.

“तिच्या शेजारी गाडी लावू का विचारतोय.”

“कोण?”

“मर्ल.”

“मर्ल बोलतो?”

माझं वाक्य खुर्चीमागून खुर्ची करत रांगेच्या टोकाला पोचलं. वाटेत एक शब्दही सांडला नाही. टोकाला कुणीतरी टाळी वाजवली. हार्लन उठून उभा राहिला.

“शेजारच्या जागेसाठी मर्लची बोली आली आहे. कुणी चढवतंय का?”

“मी तिच्या मागची जागा घेतो,” ड्वेन म्हणाला. “वर लोणच्याची बरणी.”

“तुझी बायको तुझ्या शेजारी बसलीय,” आर्डिस म्हणाली. “आणि हार्लन, तू खाली बस.”

ग्वेन हसत नव्हती. “पुढच्या हिवाळ्याचं कुणी सांगावं, मर्ल? सीमा उघडी असेल की नाही, आणि मी तरी…” तिला खोकला आला. “एवढा लांबचा रस्ता मला एकटीनं जायचाय. मागच्या वेळी वायोमिंगमध्ये टायर फुटला आणि मी अंधार पडेपर्यंत रस्त्याच्या कडेला बसून होते. तुमचं गाव सीमेच्या अलीकडेच ना?”

“हो.”

“मग उद्या माझ्याबरोबर निघा. जागेचं वाटेत बघू.”

यासाठी मी काही पाठ केलं नव्हतं. मी सवयीनं आर्डिसकडे पाहिलं.

“दोन गाड्या, दोन चुली, दोन संडास,” ती म्हणाली. “माझी हरकत नाही. पेट्रोल भरलं की हात धू.”

“येतो,” मी म्हणालो. या वेळी कुणी मोठ्यानं बोलायला सांगितलं नाही.

“तुम्ही किती वेगानं चालवता?” ग्वेननं विचारलं.

“पन्नास मैल. उतार असला तर पंचावन्न.”

“मग तुम्ही पुढे राहा,” ती म्हणाली. “मागे राहिलात तर पहिल्याच दिवशी मी तुम्हाला हरवून बसेन.”