काळा दोरा

सेनगावच्या पलीकडच्या तांड्यावर पारुबाईच्या घरात एक कायदा होता. सकाळी शास्त्र वाचल्याशिवाय कुणाच्या तोंडात भाकरीचा तुकडा जायचा नाही. तिचा नवरा नेमसिंग मोठ्या दुखण्यातून उठला, तेव्हा त्यानं येशूचं नाव घेतलं आणि ते जाडजूड पुस्तक घरात आणलं. पुढे तो गेला, पुस्तक राहिलं. वाचायचं काम पोराकडे, जगनकडे आलं, कारण घरात सातवीपर्यंत गेलेला तोच एकटा. पारुबाईला एक अक्षर येत नव्हतं.

ऐकायला मात्र तिच्यासारखी दुसरी नव्हती. सकाळी वाचलं ते दिवसभर करायचं, असं तिनं स्वतःच ठरवलेलं. एकदा जगननं क्षमा करण्याविषयी वाचलं आणि बाईची पंचाईत झाली. शेजारच्या चंदाबाईशी तिचा दोन होळ्यांपासून अबोला होता. दिवसभर तिनं चालढकल केली, कापूस वेचताना स्वतःशीच कुरकुरली, आणि दिवस कलल्यावर तोंड वाकडं करून चंदाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. त्या पानात तिनं लाल दोरा घातला. ही तिची रीत. तांड्याच्या जुन्या बायकांचं भरतकाम तिच्या हातात होतं, रंगीत दोऱ्यांना घरात तोटा नव्हता. मनाला लागलेल्या वचनाच्या पानाला ती सुईनं दोरा ओवायची आणि रंगावरून वचन आठवायची. हिरवा दोरा नेमसिंग गेला त्या दिवसांतला. असे कितीतरी.

काळा मात्र एकच.

तो तिच्या लेकीचा, शिलाचा. शिलाला औंढ्याकडे दिली होती. नवरा पिऊन मारायचा. एका दिवाळीनंतर पाठीवर वळ घेऊन ती माहेरी आली, ती परत जायचं नाही असं ठरवूनच. पारुबाईनं आपल्या शेजारी तिची वाकळ अंथरली. दुसऱ्या सकाळी जगननं पुस्तक उघडलं, घसा खाकरला आणि वाचलं, की दिल्या घरची लेक जो ठेवून घेईल, त्याचं घर देव उजाड करील. पारुबाईनं पुन्हा वाचायला लावलं. जगननं पुन्हा तेच वाचलं. मग तिनं स्वतः शिलाला जीपपर्यंत नेऊन सोडलं. "माझं मन न्हाई गं. पण देवाचं तसंच हाय," एवढंच ती म्हणाली. शिलानं मागं वळून पाहिलं नाही.

त्यालाही बारा-तेरा वर्षं होऊन गेली. शिलाचा नवरा दारूनं मेला. ती सेनगावकडच्याच गोरेगावात एक खोली घेऊन मजुरी करून राहिली होती. त्या साली सोयाबीन निघाल्यावर जीपवाल्या नरसिंगजवळ तिनं निरोप धाडला, "याडीला विचार, आता येऊ का?"

याडी म्हणजे आई. हा शब्द इतक्या वर्षांनी कानावर पडला आणि पारुबाईला जेवण गोड लागेना. लेकीला आणावं तर काळा दोरा आडवा येत होता.

त्याच आठवड्यात हिंगोलीहून नीलाबाई तांड्यावर प्रार्थनेला आल्या. बाई शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, स्वभावानं मऊ. जगन सोयाबीन घेऊन सेनगावला गेला होता. पारुबाईनं पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि काळ्या दोऱ्याचं पान उघडलं.

"ताई, एवढं वाचा. देवानं यात काही सूट ठेवली हाय का, बघा."

नीलाबाईंनी वाचलं. मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं.

"पारुबाई, इथं लेकीचं काहीच नाही."

"बराबर बघा. दोरा माझ्याच हातचा हाय."

"इथं देवाच्या तंबूचं आहे. शेळीच्या केसांचे पडदे किती लांब करायचे, कड्या किती, आकडे कशाचे. आणि तुम्ही सांगता तसं वचन सबंध शास्त्रात नाही."

पारुबाईनं लाल दोरा उघडून दिला. तिथं क्षमाच होती. हिरव्यापाशी विधवेला धीर दिलेला होता. एकेक दोरा तिनं वाचून घेतला. सगळे खरे निघाले. सगळे खोटे असते तर परवडलं असतं. पोराला वाचताच येत नाही म्हणून तिनं कपाळावर हात मारून घेतला असता. पण जगनला वाचता येत होतं, आणि तो रोज नीटच वाचत होता. फक्त त्या एका सकाळी त्यानं देवाच्या तोंडून स्वतःचं वदवून घेतलं होतं. पोटच्या पोरानं असा गळा कापावा, आणि तोही शास्त्रानं, याची तिला आधी लाज वाटली आणि मग संताप आला.

दुसऱ्या सकाळी तिनं काळ्या दोऱ्याचं पान काढून जगनपुढं धरलं. "हे वाच."

जगननं पान पाहिलं. बारा वर्षांपूर्वी कोणतं पान उघडलं होतं, ते त्याच्या ध्यानात नव्हतं. पण काळा दोरा पाहून तो चपापला आणि पडद्यांची लांबी वाचू लागला.

"काहून रे? तवा तर यात लेक होती."

चुलीपाशी सुनेचे हात थांबले. जगननं पुस्तक खाली ठेवलं.

"याडी, माझं नवं लगीन झालेलं. एक खोली. तिला ठेवली असती तर निस्ती भांडणं झाली असती. तू माझं ऐकलं असतंस का?"

"नसतं ऐकलं. भांडले असते तुझ्याशी. तुझ्याशी भांडता येत होतं रे. देवाशी म्या कसं भांडू?"

तिनं पुस्तक फडक्यात गुंडाळलं, न खाताच निघाली आणि नरसिंगच्या जीपमध्ये बसली.

गोरेगावात शिला खोलीच्या दारात तूर निवडत बसली होती. केस पांढरे व्हायला लागले होते. आईला बघून ती उठली नाही. काखेतल्या पुस्तकाकडं तिनं पाहिलं.

"दिली का परवानगी तुझ्या देवानं?"

"देवानं कधी न्हाई म्हटलंच नव्हतं, बाई. जगननं मनचं वाचलं." पारुबाई उंबऱ्याबाहेरच खाली बसली आणि रडत रडत तिनं सगळं सांगितलं.

शिलाचे हात सुपात तसेच राहिले. भावाचं ऐकून तिला फारसा धक्का बसलेला दिसला नाही.

"त्याचं सोड," ती म्हणाली. "तू तर रोज सकाळी त्या देवाचं ऐकत होतीस. चंदाकाकूच्या दारात गेलीस त्याच्या सांगण्यावरून. तुला एकदा बी वाटलं न्हाई, याडी, की माझा देव असं बोलणार न्हाई म्हणून?"

पारुबाईनं मांडीवरच्या पुस्तकावर हात ठेवला. शिलानं उठून तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि पुन्हा तूर निवडायला बसली.