साइटवरचा नंबर

"चाकणचं दुकानही तुमचंच ना?" टेंपोतून उतरता उतरता दिव्याने विचारलं.

धम्मरत्नने मान वर केली नाही. तो पॅलेट ट्रॉलीच्या पंपात तेल अडवणारं रबरी सील बसवत होता, आणि सील बसवताना प्रत्यक्ष सासरा दारात आला तरी तो मान वर करत नसे. सील बसल्यावर म्हणाला, "चाकणला? माझं एवढंच हाय मॅडम. थेरगावला, एकोणीस वर्षं."

"मग वेबसाइटवर चाकणचा पत्ता कसा?"

दिव्या चाकणच्या एका पॅकिंग कंपनीत खरेदी बघायची. माल उचलायची ट्रॉली तिने साइट बघून त्या चाकणच्या दुकानातून दुरुस्त करून घेतली होती. तिसऱ्याच दिवशी तेल गळायला लागलं. स्टोअरमधले आबाजी ते बघून म्हणाले, "हे धम्माभाऊचं काम न्हाई. थेरगावला जावा." म्हणून ती इथे आली होती.

"साइट मात्र झकास आहे हं तुमची," ती म्हणाली. "काय दुरुस्त करता, किती दिवस लागतात, सगळं लगेच कळतं. नंबर सगळ्यात वर. आमच्या कंपनीच्या साइटवर फोन नंबर शोधता शोधता जीव जातो."

धम्मरत्न खुलला. खुलणारच, त्या साइटचा शब्द न् शब्द त्याचा होता. दोन रविवार बसून त्याने सांगितलं आणि भागीदार सुजितने टाइप केलं. सुजितला वर हेल्मेटवाला गोरा साहेब हवा होता, खाली 'जागतिक दर्जा' वगैरे. धम्मरत्नने ते उडवून लावलं. "गिऱ्हाईक गाडी बंद पडल्यावर येतंय भावा. त्याला आधी सांग, होईल का आणि कधी होईल. फोटो आपल्या कामाचा टाक." म्हणून अर्धं बोट तुटलेला त्याचा हात साइटवर गेला. नंबर तेवढा सुजितचा. तोही यानेच टाकायला लावला, "माझे हात कायम तेलात. फोन तू घे."

गेल्या दिवाळीला सुजित वेगळा झाला, हसतखेळत. नव्या दुकानाची फीत धम्मरत्नने कापली, लोखंड पकडायचा स्वतःचा चांगला व्हाइसही देऊन टाकला. साइटचं विचारलं तर सुजित म्हणाला, "ती बंद पडली भाऊ. कोण बघतंय हल्ली?" बटणांचा फोन वापरणाऱ्या या भल्या माणसाने मान डोलावली. पुढे काम आटलं, तेव्हा आपलाच हात बिघडला असं धरून तो सहा महिने मनातल्या मनात झुरत राहिला.

"पण साइट तर बंद पडली ना?" त्याने आता विचारलं. दिव्याने मोबाइल पुढे धरला. तोच हात, तेच शब्द. वर ठळक 'धम्मरत्न हायड्रॉलिक्स'. पत्ता चाकणचा.

"लावा बरं नंबर," तो म्हणाला. तिने स्पीकरवर लावला.

"नमस्कार, बोला!" सुजितचाच आवाज.

"धम्मरत्न यांच्याशी बोलायचं होतं."

"मीच धम्मरत्न. बोला ना मॅडम."

नुसती गिऱ्हाईकं पळवली असती तर चार शिव्या हासडून धम्मरत्नने विषय सोडला असता, धंद्यात होतं तसं. पण हे नाव कंपनीत तीन शिफ्टांत झिजलेल्या बापाने हौसेने ठेवलं होतं, आणि सुजित ते चहा मागवावा तितक्या सहज घेत होता. त्याने दिव्याला हातानेच फोन बंद करायची खूण केली.

मग त्याने टेंपोतली ट्रॉली उतरवून घेतली, पंपाखाली बोट फिरवून पाहिलं. "सील उलटं बसवलंय. उद्या दुपारी न्या."

"भाऊ, तुमचा नंबर द्या. मी सगळ्यांना सांगते."

त्याने एकेक आकडा सावकाश सांगितला. दिव्याचं बोट मोबाइलवर अडखळलं.

"काय नावाने सेव्ह करू? धम्मरत्न आधीच आहे यात."

तो पुन्हा पंपाशी बसला होता.

"थेरगाववाला लिहा," तो म्हणाला.